सवतीचा टाक

मँडर्लीत दुपारी साडेचारला चहा येतो. माणसं दोनच, पण टेबलावर पांढराशुभ्र कपडा अंथरला जातो, चांदीची किटली येते आणि मागोमाग लोण्यानं निथळणारे क्रंपेट, गरम स्कोन, सँडविचेस, आल्याचा केक, बेदाण्यांचा केक. कुत्रा कान पाडून बसतो आणि आपलं केककडे लक्षच नाही असं दाखवतो. हे सगळं आठवून सांगणारी निवेदिका जाता जाता एक गोष्ट बोलून जाते. इतकं उरत असे, त्याचं पुढे काय होई ते तिला कधीच कळलं नाही. त्या नासाडीची रुखरुख लागायची, पण घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स हिला विचारायचं धाडस कधी झालं नाही.

डॅफ्नी द्यू मॉरिएची ‘रेबेका’ मी पहिल्यांदा वाचली ती बारावीच्या सुट्टीत, सर्क्युलेटिंग लायब्ररीतल्या, पुठ्ठा सैल झालेल्या प्रतीत. तेव्हा या चहावरून मी धावत पुढे गेले होते. घरात काय घडलं, ती रेबेका कशानं मेली, एवढंच हवं होतं. आता चौथ्या वाचनात मी इथेच थांबते. हे दुसरंच प्रकरण आहे. मँडर्लीचं दार अजून आपल्यासाठी उघडलेलं नाही, मिसेस डॅनव्हर्सचा चेहरा आपण पाहिलेला नाही. तरी त्या घरातली सत्ता कुणाच्या हाती होती हे लेखिकेनं सांगून टाकलं आहे, तेही भांडण नाही, धमकी नाही, उरलेल्या केकच्या एका न विचारलेल्या प्रश्नातून. ज्यांनी घर चालवलं आहे त्यांना कळेल, उरलेल्या अन्नाचं काय करायचं हे जी ठरवते तीच घराची मालकीण. भयकथेची सुरुवात चहाच्या टेबलावर करायला फार मोठा आत्मविश्वास लागतो.

‘रेबेका’ 1938 साली आली आणि आल्याबरोबर तिच्यावर प्रणयकादंबरीचं लेबल बसलं. लेखिकेला ते आवडत नसे; आपण मत्सराबद्दल लिहिलं आहे असं तिचं म्हणणं होतं. आपल्याकडेही ‘रंजनपर’ हा शब्द असाच वापरला जातो, जणू रंजन करणं म्हणजे हातचा मळ. खिळवून ठेवणारी पुस्तकं मी आयुष्यभर वाचली आहेत, आणि वाचकाला पानावर धरून ठेवणं ही किती अवघड कारागिरी आहे हे मला या एका पुस्तकानं शिकवलं. म्हणून ते शिवणकामासारखं उलटं करून, टाके दाखवत सांगावंसं वाटतं.

पहिला टाका नावाचा. गोष्ट सांगणाऱ्या मुलीला नाव नाही. चारशेच्या आसपास पानांत ते एकदाही येत नाही, आणि कादंबरीचं नाव मात्र मेलेल्या पहिल्या बायकोचं. ही युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. निसटते ती तिच्यातली बारीक कलाकुसर. माँटे कार्लोच्या हॉटेलात मँडर्लीचा विधुर मालक मॅक्सिम द विंटर तिला पहिली चिठ्ठी पाठवतो, तेव्हा लिफाफ्यावर तिचं नाव अचूक लिहिलेलं असतं, आणि असं सहसा होत नाही, असं ती नोंदवते. म्हणजे नाव आहे. ते अवघड आहे, लोक ते चुकवतात, त्यानं ते बरोबर लिहिलं. पुढे तो त्या नावाचं कौतुकही करतो. आपल्याला नाव सोडून नावाबद्दलचं सगळं कळतं. लग्न होतं आणि हे अवघड, सुंदर नाव पुसलं जाऊन ती ‘मिसेस द विंटर’ होते. पण ते नावही आधीच कुणाच्या तरी अंगावरचं आहे. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची रीत आहे. जुनं नाव जातं, निदान नवं नाव तरी तिचं एकटीचं असतं. इथे तेवढंही नाही.

मराठी वाचकाला या कादंबरीत शिरायला एक दार आधीपासून उघडं आहे. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात वारलेल्या सवतीचा टाक घालायची रीत आपल्याकडे काही घराण्यांत होती. चांदीचा किंवा सोन्याचा छोटा पत्रा, त्यावर आधीच्या सवाष्णीची प्रतिमा. तिला मान द्यायचा, तिनं त्रास देऊ नये म्हणून विनवायचं. आमच्या नात्यातल्या एक काकू दुसरेपणावर आल्या होत्या. टाक त्यांच्या गळ्यात नव्हता, पण सणाच्या दिवशी पुरणयंत्र कुठल्या फळीवर आहे हे घरातल्या जुन्या बाईला विचारताना त्यांचा आवाज कसा बारीक व्हायचा ते मला आठवतं. ‘रेबेका’तल्या निवेदिकेला कुणी टाक घालत नाही. तिला राहायला दिलेलं अख्खं घरच टाक आहे. द्यू मॉरिएला ही रीत माहीत असणं शक्य नाही, पण तिच्या रचनेचं वर्णन करायला मला याहून नेमका शब्द सापडत नाही.

आणि या टाकावरची प्रतिमा कशी घडवली आहे पाहा. रेबेकाचं रूप सरळ वर्णन करून सांगितलेलं नाही. ती दिसते हस्ताक्षरातून. मॅक्सिमच्या गाडीतल्या एका कवितांच्या पुस्तकावर तिनं लिहून दिलेलं असतं: तिरकं अक्षर, इतर अक्षरांना खुजं करणारा उंच ‘आर’, आणि टाकातून शाई भसकन ओघळल्याचा डाग. एका डागात बाईचा सगळा स्वभाव आला. शाई वाहू लागेपर्यंतही न थांबणारी, खात्रीची, उधळी. लग्न ठरल्यावर ही मुलगी ते पान कात्रीनं कापते, त्याच्या चिंध्या करते आणि तरी समाधान होत नाही म्हणून काडी लावते. सगळ्यात शेवटी जळतो तो ‘आर’, आणि आगीत वळताना तो आधीपेक्षा मोठा दिसतो. बारावीत मला वाटलं होतं, बरं झालं, सुटली. आता त्या क्षणभर मोठ्या झालेल्या अक्षराकडे पाहून अंगावर काटा येतो, कारण शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला कळतं की जाळून काही संपत नाही हे लेखिकेनं कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं, आणि त्या वेळी आपल्याला ते फक्त एका नवरीचं पोरकट धाडस वाटलं.

हेच अक्षर पुढे लिहिण्याच्या टेबलावर भेटतं. नव्या घरातली पहिली सकाळ. ती बिचारी चुकत चुकत रेबेकाच्या खोलीत येऊन बसते. टेबलातल्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी आहे: उत्तर न दिलेली पत्रं, जपून ठेवायची पत्रं, घर, इस्टेट, जेवणाचे बेत, पत्ते. मेलेल्या माणसाचं कपाट उघडल्यावर आपल्याला अस्ताव्यस्तपणाची अपेक्षा असते. त्यातून माणूस गेल्याचं कळतं. इथे व्यवस्थाच भीती घालते. सगळं जागच्या जागी असणं म्हणजे मालकीण बाहेर गेली आहे, आता येईल. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी मिसेस द विंटर आहेत का म्हणून विचारतं, आणि ही सांगते की आपण चुकलात, मिसेस द विंटर जाऊन वर्षाहून जास्त काळ झाला. फोन घरातलाच असतो, मिसेस डॅनव्हर्सचा, दिवसाचा बेत मंजूर आहे का हे विचारायला. स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच्या तोंडानं, तीही अदबीनं दिली जाते. दोन-तीन ओळींचा हा प्रसंग मी शिकवण्यासाठी वापरला असता. कादंबरीची सगळी कल्पना त्यात आहे, आणि तो दिसतो मात्र नव्या नवरीच्या साध्या फजितीसारखा.

याच प्रसंगाच्या शेवटी ती एक पत्र लिहायला घेते आणि स्वतःचं अक्षर पहिल्यांदा नीट पाहते. बारकं, आखडलेलं, सुमार शाळेतल्या सुमार मुलीचं. इथे लेखिका थांबते. तुलना करत नाही. ‘आर’ आपल्या डोळ्यांसमोर आधीच उभा आहे, त्याला परत बोलावण्याची गरज नाही हे तिला ठाऊक आहे.

बेतात एक जागा रिकामी असते: सॉसची. मिसेस डॅनव्हर्स म्हणते, सॉस कुठला ते ठेवलं आहे तुमच्यासाठी, आधीच्या बाईसाहेब त्याबाबत फार चोखंदळ होत्या. या रिकाम्या जागेत नव्या बाईनं काय लिहावं? ती म्हणते, त्यांनी जे सांगितलं असतं तेच करा. मला या जागी नेहमी आपल्या स्वयंपाकघरातला गोडा मसाला आठवतो. आधीच्या सुनेचं प्रमाण, तेच चालू ठेवा, असं म्हणणाऱ्या सुनेचा हात पुढे कधी बसत नाही.

मग रेबेकाचा पावसाळी कोट, त्याच्या खिशातला चुरगळलेला रुमाल, त्यावरची ओठांच्या रंगाची खूण, वास अझेलियाचा. कोट हिला लांब होतो, खांद्यांत सैल पडतो, म्हणजे ती उंच होती, खांदे भरदार होते. रहस्यकादंबरीत असा पुरावा खुन्याकडे नेतो. इथे तो बळीकडे नेतो, आणि मापात न बसणारा कोट अंगावर घेऊन चालणारी बाई हेच त्या घरातलं तिचं चित्र होऊन बसतं.

आता ज्यासाठी मी ही कादंबरी पुन्हा पुन्हा उघडते तिथे येते. तिसऱ्या वाचनाच्या वेळी हातात पेन्सिल घेऊन मी एक खेळ केला: जे खरंच घडतं आणि जे निवेदिका मनात घडवते, त्यांच्यात रेघ ओढायची. पानंच्या पानं रेघेच्या पलीकडे गेली. मराठीत याला फार चांगला शब्द आहे, मनातले मांडे. माँटे कार्लो सोडून जावं लागणार म्हणताच ती निरोपाचा अख्खा प्रसंग रचते: अनोळखी माणसांच्या घोळक्यात, घाईत, पत्र लिही असं म्हणत केलेला खोटा निरोप. तो प्रसंग घडत नाही. मॅक्सिम दोन दिवसांसाठी लंडनला जातो, तर ती त्याच्या गाडीचा अपघात पाहते, फोन येताना ऐकते, अंत्ययात्रेत कुणाच्या हाताचा आधार घेऊन चालतेही. घास उतरत नाही. मग निरोप येतो की साहेब सुखरूप पोचले, आणि त्याबरोबर तिला सपाटून भूक लागते. नोकर आपल्याबद्दल स्वयंपाकघरात काय बोलत असतील, त्यांचे संवादही तीच लिहिते.

साध्या लेखकाच्या हातात हे लांबण लागलं असतं. द्यू मॉरिएचं कौशल्य क्रियापदात आहे. ‘असेल’, ‘म्हणतील’ अशा भविष्यकाळात सुरू झालेलं वाक्य हळूच भूतकाळात सरकतं, कल्पना आणि आठवण यांचा सांधा दिसेनासा होतो, आणि वाचक घडलेल्या गोष्टीइतक्याच धडधडत्या छातीनं न घडलेली गोष्ट वाचतो. पेन्सिल हातात घेऊनही मी दोनदा फसले, रेघ चुकीच्या ठिकाणी ओढली. सांधा न दिसणं हीच सुताराची परीक्षा.

या मांड्यांचा कळस एका रात्रीच्या जेवणात आहे. नवरा-बायको समोरासमोर बसली आहेत, बोलणं होत नाही, आणि ती मनात रेबेका होते. रेबेका फोन घेऊन येते, बसते, काहीतरी सांगते, मॅक्सिम हसतो. एवढ्यात खरा मॅक्सिम विचारतो, तू काय विचार करत होतीस? तुझा चेहरा बदलला, तू मान हलवलीस, तोंड वाकडं केलंस. क्षणभर ती त्याला वयानं मोठी आणि कावेबाज दिसली. इतका वेळ आपण वाचकांनी हे मांडे तिच्या डोक्यात सुरक्षित आहेत असं धरलं होतं. ते चेहऱ्यावर आले. टाक गळ्यातून आत, हाडापर्यंत गेला. आणि त्या मुलीचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या नजरेतून असा बदलताना आपण पहिल्यांदाच पाहतो, कारण तोवर कादंबरी सगळी तिच्या डोळ्यांमागून चालली होती. इथे मी पुस्तक दर वेळी मिनिटभर मिटते.

याच प्रसंगानं मला माझं वाचनही समजावून दिलं. आपण प्रेमकथा वाचतो तेव्हा काय करतो? आपणही न घडलेलं घडवतो, संवाद आधीच रचतो, नायकाच्या एका शब्दावरून पुढचं आयुष्य मांडतो. ही निवेदिका स्वतःचं आयुष्य एखाद्या कादंबरीसारखं वाचते, म्हणून कादंबऱ्या वाचणाऱ्यांना ती इतकी जवळची वाटते. तिच्या नावाची जागा रिकामी ठेवल्याचा मोठा फायदा मला तिथे दिसतो. बारावीच्या सुट्टीत त्या जागी माझं नाव होतं.

लेखिका स्वतःही याच जातीची. 1937 मध्ये तिनं ही कादंबरी सुरू केली ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, लष्करी अधिकारी असलेल्या नवऱ्याबरोबर, त्या उकाड्यात कॉर्नवॉलच्या आठवणीनं कासावीस होऊन. फॉवे गावाजवळचं मेनाबिली नावाचं जुनं घर तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तेव्हा ती त्या घरात राहत नव्हती. राहायला गेली ती 1943 मध्ये, भाडेकरू म्हणून. ते घर तिच्या मालकीचं कधीच झालं नाही. मँडर्लीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना रक्तासारख्या लाल ऱ्होडोडेंड्रॉनची भिंत उभी राहते, तेव्हा ते वर्णन इतकं भुकेलं का वाटतं ते यावरून कळतं. दुसऱ्याचं घर मनात बांधणाऱ्या बाईनं दुसरीच्या घरात राहणारी बाई लिहिली.

मागणी घालण्याचा प्रसंग तर प्रणयकादंबरीच्या वाचकाला चकवणारा आहे. न्याहारी चालली आहे. वेडी गं, मी तुला मागणी घालतोय, अशा सुरात तो बोलतो आणि टोस्टकडे वळतो. प्रेम आहे असं म्हणत नाही, हे तिच्याही लक्षात येतं. मग तो सांगतो की त्या संत्र्याचा उरलेला भाग आंबट आहे, खाऊ नकोस. आणि तिला उमगतं की तोंडात मघापासून कडवट चव आहे, फक्त आत्तापर्यंत जाणवली नव्हती. मी पहिल्यांदा वाचताना सुखानं इतकी भरून गेले होते की संत्र्याकडे लक्षच गेलं नाही. ज्या पुस्तकात आनंदाच्या क्षणाची चव नंतर कळते, ते नायिकेबरोबर वाचकालाही वीस वर्षांनी ती चव देतं.

सगळंच सारख्या उंचीचं नाही. रेबेकाची बुडालेली बोट सापडल्यानंतरची चौकशी लांबते, आणि जॅक फॅव्हेल हा दारुडा धमकीखोर मला नाटकातून उचलून आणल्यासारखा वाटतो. त्या भागात वस्तू गप्प होतात, माणसंच बोलतात, आणि या लेखिकेच्या वस्तू माणसांपेक्षा बोलक्या आहेत.

मिसेस डॅनव्हर्सबद्दल एवढंच सांगते की ती कधी येताना दिसत नाही, ती असतेच. हिचकॉकनं 1940 च्या चित्रपटात हे नेमकं पकडलं. आणि आपल्याकडे 1964 मध्ये बिरेन नागच्या ‘कोहरा’त ही भूमिका ललिता पवारांनी केली. मराठी घरांनी त्यांना खाष्ट सासू म्हणून इतक्या वेळा पाहिलं होतं की त्या दाराशी उभ्या राहिल्या की अर्धं काम आपोआप होई. त्या चित्रपटातल्या नायिकेला मात्र नाव आहे, आणि त्याबरोबर तिच्या जागी बसायची आपली सोय गेली.

शेवटाकडे मॅक्सिम एक भयंकर कबुली देतो. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी ती सांगत नाही. ती ऐकून निवेदिकेच्या मनात भरतं ते एकच: त्याचं रेबेकावर प्रेम नव्हतं. बाकीचं सगळं तिच्या कानावरून जातं. नीतीच्या बाजूनं हे धक्कादायक आहे आणि मत्सराच्या बाजूनं अगदी खरं. लेखिका तिच्या बाजूनं सबब सांगत नाही, तिला दोषही देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचा बेत येतो. नाचाच्या समारंभातलं उरलेलं थंड अन्नच पुन्हा मांडलेलं. ती त्यावर रेघ मारते, नोकराला बोलावते आणि सांगते, काहीतरी गरम करायला सांगा. थंड अजून उरलं असेल तर ते आमच्या टेबलावर नको. मिसेस डॅनव्हर्स रागानं येते, तेव्हा ती शांतपणे सांगते की आधीच्या बाईसाहेब काय करत ते तिला फारसं महत्त्वाचं वाटत नाही, आता त्या जागी ती स्वतः आहे. एक रेघ. उंच ‘आर’च्या घरात त्या बारक्या अक्षरानं ओढलेली पहिली रेघ, आणि तीही उरलेल्या अन्नावर.

कादंबरीचा काळ गोल आहे. शेवटच्या पानावर रात्रीच्या रस्त्यावरून गाडी घराकडे येते, आभाळ नको त्या बाजूला लाल होतं, समुद्रावरून येणारं खारं वारं राख घेऊन अंगावर येतं, आणि गोष्ट तिथेच तुटते. पुढचं काय झालं ते पहिल्या दोन प्रकरणांत सांगून झालेलं असतं. म्हणून मी दर वेळी शेवट वाचला की पुस्तक उलटं फिरवते. परदेशातल्या हॉटेलची बाल्कनी आहे. दोघं आहेत. साडेचारला चहा येतो, चिनी चहा आणि प्रत्येकी ब्रेड-बटरचे दोन काप. उरत काही नाही. तिला मँडर्लीतला तो चहा आठवतो, ती चांदीची किटली, तो न बघणारा कुत्रा, ते ढीगभर केक. आणि इतकं सगळं घडून गेल्यावरही एक साधा प्रश्न मिसेस डॅनव्हर्सना विचारायचा राहून गेला, हेही आठवतं.